आक्का, वाकळ झाली पूर्ण, आणि तुमचे आभार मानायचे राहिलेत

आक्का, नमस्कार.
फोनवर तुम्ही बोलूच देत नाही, "ऱ्हाऊ दे गं" म्हणता आणि ठेवून देता, म्हणून हे लिहितेय, तुमची नात वाचून दाखवेल.

आम्ही सातजणी गेली काही वर्षं पुण्यात दर शनिवारी एकत्र बसून क्विल्ट शिवतो, हे सगळं जिनं सुरू केलं, आम्हाला पहिला टाका शिकवला, त्या आमच्या ताईंची नजर आता खूप कमी झालीय, सुई ओवता येत नाही म्हणून त्यांनी शिवणच बंद केलं. त्यांच्यासाठी एक मोठी गोधडी करायची ठरली, प्रत्येकीनं आपापल्या घरी 6 चौकोन करायचे, 42 चौकोन, 12 इंची, म्हणजे बरोब्बर 6 बाय 7 फूट. कागदावर एकदम सोप्पं. पण कुणी शिलाईला पाव इंच सोडलं, कुणी अर्धा, कुणाचे चौकोन साडेअकराचे तर कुणाचे साडेबाराचे, जमिनीवर मांडले तेव्हा एकेका रांगेत तीन-तीन इंचांचा फरक! दोन आठवडे आम्ही नुसत्या उसवत होतो आणि खरं सांगते, एकमेकींशी नीट बोलणंसुद्धा बंद व्हायला आलं होतं.

आणि तेव्हा तुम्ही आलात. दहिवडीहून एसटीनं स्वारगेट, तिथून रिक्षा, पिशवीत दोन जुनी लुगडी. तो पसारा बघून तुम्ही म्हणालात, "आगं उसवताय कशाला? वाकळंला कुठं मापं असत्यात व्हय?"

तुम्ही लुगडी जोडून खाली अंथरलीत, त्यावर जुनं धोतर आणि आमच्या सुती साड्या, सुरकुती काढत काढत, चारी बाजूंना वजनाला दगड हवे होते ते नव्हते म्हणून आमचे वरवंटे आणि डंबेल्स ठेवले. मग चौकोन एकमेकांना न जोडता नुसते वर मांडायचे, कडा आत दुमडायची, शेजारच्यावर थोडं चढलं तर चढू द्यायचं, आणि धावदोरा सगळ्या थरांतून आरपार. मोठा चौकोन, छोटा चौकोन हा प्रश्नच संपला! इतकी वर्षं मशीनवर तुकडा तुकडा जोडणाऱ्या आम्हाला हे सुचलंच नव्हतं.

माझी एक साडी नायलॉन मिक्स होती, ती तुम्ही नुसत्या बोटांनी चोळून बाजूला काढलीत. धुतल्यावर सुती आकसतं, ही आकसत नाही, मग वाकळ गोळा होते, हे तुम्ही सांगितलंत ते आता कायमचं लक्षात राहील.

शिवायची सुरुवात कडेनं, एक फेरा झाला की त्याच्या आत दुसरा, असं मध्याकडे सरकत जायचं. (कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकन वंशाच्या समाजातल्या बायका पण त्यांची कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, अशीच कडेकडून आत शिवत जातात, एका मैत्रिणीनं तिथं जाऊन बघितलंय, ती हे बघून इतकी खूश झाली की विचारू नका.) चार बाजूंना आम्ही बसलो, एकीनं दोरा जोरात ओढला की समोरचीकडे चुणी पडायची, त्यामुळे आपोआप सगळ्या एका लयीत आलो आणि बोलायलाही लागलो.

तुम्ही तीन शनिवार आलात. उन्हाळ्यातली तुमची पापड-कुरडयांची कामं सोडून. गाडीभाडंसुद्धा घेतलं नाहीत.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते शेवटच्या शनिवारचं. मध्यावर वीतभर जागा उरली होती, ताई नुसत्या बघायला म्हणून आल्या आणि लांब खुर्चीवर बसल्या. तुम्ही सकाळीच दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या होत्या, आम्हाला वाटलं आमच्यासाठीच. तुम्ही ताईंना हाताला धरून खाली बसवलंत, एक सुई हातात दिलीत आणि त्यांचं बोट तुमच्या शेवटच्या टाक्यावर टेकवून म्हणालात, "हितनं फुडं तुमी."

आक्का, त्यांनी बोटानं चाचपत चाचपत ते अख्खं मधलं घर शिवलं, दोरा संपला की तुम्ही पुढची सुई द्यायचात. आम्ही कुणीच काही बोललो नाही. काल त्यांचा फोन होता, घरी सुया कोण ओवून देईल ते विचारत होत्या, आता रोज संध्याकाळी आमच्यातली एकजण जाते.