सूचना : सोमवारपासून तोल आणि ताकदीचे व्यायाम

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

येत्या सोमवारपासून दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी ७.३० वाजता विरंगुळा केंद्रात अर्धा तास व्यायाम घेतले जातील. रोज फिरायला जाणाऱ्यांनीही जरूर यावे.

कारण सांगते. परवा सभा संपल्यावर आपल्यातले बरेच जण खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, दोनदा पुढे झुकून मग उठले. ‘आता वय झालं’ म्हणून आपण ते सोडून देतो. पण मांड्यांची ताकद कमी होत असल्याची ती खूण असते. ही ताकद सत्तरी-ऐंशीतही वाढवता येते, मात्र नुसतं चालणं त्याला पुरत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल आणि त्याशिवाय किमान तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सुचवते.

सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याने करू. जमेल तितकंच, घाई नाही.

सपाता घालून येऊ नका. मागे पट्टा असलेल्या चपला किंवा बूट हवेत. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी काही खाऊन यावं. छातीत दुखणं, चक्कर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. काही न करता वजन उतरत असेल, सतत थकवा असेल, डब्याचं झाकण उघडेनासं झालं असेल, तर तेही त्यांच्या कानावर घाला.

पडण्याच्या भीतीने घराबाहेर न पडणारे सभासद आपल्याला माहीत आहेत. शेजारी राहत असाल तर त्यांना हात धरून घेऊन या.

– कार्यवाह