शिऱ्यास, आठ महिन्यांनी

पुणे ३०
रविवार, दुपार

प्रिय शिऱ्या,

आठ महिन्यांत एक ओळ नाही, तेव्हा शिव्या घालायच्या त्या आधी घालून घे आणि मग वाच. तब्येत ठीक. साखर जरा वर, गुडघा जागेवर.

आई लग्न करत्येय. परत वाचू नकोस, बरोबर वाचलंस. वय ७३. नवरामुलगा कुरुविला, मल्याळी ख्रिश्चन, खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर. ओळख कमला नेहरू पार्कात. तीन वर्षं दोघं बाकावर बसून मराठी शब्दकोडं सोडवतात. त्याला मराठी यथातथाच, म्हणून शब्द आई शोधते आणि तो पेन्सिलीला टोक काढून देतो. मला म्हणाला, "तुमची आई फार चांगला आहे." मी हसलो. तिथेच चुकलो.

फिल्म आर्काइव्हमध्ये आपण बघितलेला तो जर्मन दिग्दर्शक फासबिंडरचा सिनेमा आठवतोय? 'भीती आत्मा खातात' असं तू भाषांतर केलं होतंस आणि मी तुझं व्याकरण काढलं होतं, तर मूळ जर्मन नावच अशुद्ध निघालं! परवा रात्री मोबाइलवर पुन्हा लावला. १९७४ चा, दीड तासाचा. म्युनिकमधली साठीची विधवा एमी, साफसफाईची कामं करणारी. पाऊस आला म्हणून बारमध्ये शिरते आणि तिच्याहून कितीतरी लहान मोरोक्कन मजुराबरोबर, अलीबरोबर, नाचते. मग लग्न. ती पोरांना बोलावून नवरा दाखवते, कॅमेरा एकेका गप्प चेहऱ्यावरून सरकतो, आणि एक मुलगा उठून लाथेने टीव्ही फोडतो. त्याला आपण गुडलकमध्ये बनमस्का संपेपर्यंत शिव्या घातल्या होत्या. आळशी जावई खुद्द फासबिंडर झालाय, हे तेव्हा तू सांगितलंस आणि मी मानलं नव्हतं. मानतो.

आता ऐक. गेल्या गुरुवारी आईने खोबरेल मागवलं. मी नेहमीची निळी बाटली आणली. "हे नाही रे, स्वयंपाकाचं. कुरुविलांना अवियल करून घालायचंय." विळीपाशी सुरण चिरून ठेवलेला, शेवग्याच्या शेंगा, खवलेला नारळ. आणि मी म्हणालो, "आपल्यात खोबरेल डोक्याला लावतात."

एवढंच. टीव्ही शाबूत आहे.

आई "बरं" म्हणाली आणि सुरणावर ताटली झाकली. संध्याकाळी त्याचीच भाजी, शेंगदाण्याच्या तेलातली, आमसूल घालून. इतकी झकास की घास उतरेना. सिनेमात अलीला कुसकुस हवं असतं आणि एमी म्हणते, मला येत नाही, इथलं खायची सवय कर. आमची बाई करायला निघाली होती, आडवा मी आलो. त्या मुलाने निदान टीव्हीचे पैसे तरी भरून दिले. अर्थात पोर सांभाळायला आई हवी होती म्हणून. आमची मनू शाळेतून येते तेव्हा घरी कोण असतं, हे तुला सांगायला नको.

धर्माचं नाही रे, शपथ. लोकांचंही नाही, जोशीकाकू तर साक्षीदार आहेत. नाना जाऊन अकरा वर्षं झाली आणि घरात त्यांचा एकच वास उरलाय, फोडणीचा. तो जाईल असं वाटलं. हे बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "मग तू कर की फोडणी."

तू म्हणशील, नवीन काय. तुमच्या लग्नाच्या दिवशी तिसरा साक्षीदार मी होतो आणि मला ताप आला होता. तुम्ही कचेरीबाहेरच्या चहावाल्याची सही घेतलीत. किती ताप होता, हे तू आजवर विचारलं नाहीस. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार होता, शिऱ्या.

इथेही तीनच लागतात. नोटिशीचे तीस दिवस २४ तारखेला भरतात. काकू आणि कुरुविलांची मुलगी, दोन झाले. तिसऱ्याचं आई माझ्यासमोर नाव काढत नाही. काल मात्र मला ऐकू जाईल अशा बेताने कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारत होती, आधार कार्ड आहे का तुझं?

ग्रेसचं ऑपरेशन नीट झालं ना? ऋतूला नोकरी लागल्याचं उशिरा कळलं, अभिनंदन. बडोद्याला उकाडा असेलच. २४ ला ये. रागावलेला असलास तरी ये.

तुझा,
संज्या

ता. क. तेल मिळालं, रास्ता पेठेत. चार दिवस स्कूटरच्या डिकीत आहे. वर कसं न्यायचं, ते ग्रेसला विचारून कळव.