चि. सायलीस : मिग मशीन घेण्याआधी

कोल्हापूर

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तिन्ही मिग मशीनचे, म्हणजे रिळावरची तार आपोआप पुढे ढकलणाऱ्या वेल्डिंग मशीनचे, फोटो नीट बघितले. तुझा कल २५० अँपिअर लिहिलेल्या मशीनकडे आहे, कारण २०० वाल्याच्याच किमतीत ते मिळतंय. ते घेऊ नकोस. पुढच्या पॅनेलवरचा मोठा आकडा सोड आणि मागच्या बाजूची लहान अक्षरांतली प्लेट वाच. २५० वाल्यावर ड्यूटी सायकल २०% लिहिलीय, २०० वाल्यावर ३५%. ड्यूटी सायकल मोजतात दहा मिनिटांत, ४० अंश तापमानाला. म्हणजे पहिलं मशीन २५० अँपिअरला दहा मिनिटांतली दोनच मिनिटं चालणार आणि मग थंड व्हायला थांबणार. आता करंटचा वर्ग करून त्याला ड्यूटी सायकलने (२०% म्हणजे ०.२) गुण आणि वर्गमूळ काढ. न थांबता किती अँपिअर मिळतील ते कळतं. २५० वाल्याचं उत्तर येतं ११२, २०० वाल्याचं ११८. लहान आकड्याचं मशीन जास्त दमदार निघालं. प्लेटवर ड्यूटी सायकलच छापलेली नसेल, तर ते मशीन बघूही नकोस.

आणि तसंही शेडमधल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर तुला २०० मिळणारच नाहीत. मिग वेल्डिंगला १०० अँपिअरला साधारण १९ व्होल्ट लागतात, म्हणजे १९०० वॅट. मशीनमधलं नुकसान आणि पॉवर फॅक्टर धरला की भिंतीतून जवळजवळ १५ अँपिअर ओढले जातात. २०० अँपिअरला हाच हिशोब ३७ वर जातो, तेव्हा एमसीबी पडणारच. म्हणजे तुझी खरी मर्यादा ११०च्या आसपास. तू जे करणार आहेस, कुंड्यांचे स्टँड, पुस्तकांचं रॅक, टेबलाची फ्रेम, त्यात १६ गेजचा, म्हणजे १.६ मिमीचा स्क्वेअर पाईप लागतो. त्याला ७० अँपिअर पुष्कळ झाले. ३ मिमीच्या अँगलला ११० पुरतात. सॉकेटपर्यंत २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आहे का आणि अर्थिंग नीट चालू आहे का, एवढं इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घे. एक्स्टेन्शन वापरलीस तर तीही २.५ची, आणि पूर्ण उलगडून. गुंडाळी तशीच ठेवली तर आतल्या आत तापून इन्सुलेशन वितळतं.

(सगळं काम ३ मिमीच्या वरचं असतं, तर मीच तुला साधं रॉडचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घे म्हटलं असतं, निम्म्या पैशांत काम झालं असतं. पण पातळ पाईपला नवख्या हाताने रॉड लावला की भोक पडतं. तुझ्यासाठी मिगच बरोबर.)

मग पैसे कशात घालायचे? फीडरमध्ये. मिग मशीन बिघडतं तेव्हा बऱ्याचदा वीज नाही, तार अडते. दुकानात गेलीस की बाजूचं झाकण उघडायला सांग. आत तार ढकलणारी यंत्रणा दिसेल : खाली खाचेचा रोलर, वर दाबणारा रोलर, दाब कमी-जास्त करायचा स्क्रू. हे सगळं ज्या चौकटीवर बसलंय ती धातूची हवी. प्लास्टिकची असली तर वरचा रोलर अंगठ्याने बाजूला ढकलून बघ. तो तिरका हलला की समज, गरम झाल्यावर तो तसाच तिरका बसणार आणि तार खाचेतून उतरणार. मग रोलर आणि टॉर्च (हातात धरायचा भाग, ज्यातून तार बाहेर येते) यांच्या मधे तारेचा गुंता होतो, कापून काढावा लागतो आणि प्रत्येक वेळी दोन-तीन मीटर तार वाया जाते. रोलरवर कोरलेला आकडा बघ. ०.८ची तार असेल तर ०.८ची व्ही खाच हवी. तुझ्या कामाला दोन रोलरचा फीडर पुरतो, चार रोलरसाठी जास्त पैसे देऊ नकोस. तारेचं रीळ निदान ५ किलोचं बसलं पाहिजे. फक्त १ किलोचं बसतं ती मशीनं सुरुवातीला स्वस्त, पण छोट्या रिळाची तार किलोमागे कायम महाग पडते.

त्याच झाकणाच्या आत दुसरी गोष्ट शोध : पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, बदलायची सोय. गॅसबरोबर जी भरीव तार चालते तिला टॉर्च प्लसला लागतो. गॅसशिवाय चालणाऱ्या, आत पावडर भरलेल्या फ्लक्सच्या तारेला मायनसला. तुझ्या यादीतलं सगळ्यात स्वस्त मशीन 'गॅसलेस' आहे. त्यात टॉर्च आतून मायनसला कायमचा जोडलेला असतो आणि गॅसचा व्हॉल्व्हच नसतो. ते पुढे गॅसवर नेता येत नाही. फ्लक्सच्या तारेला धूर जास्त, वर स्लॅगची खपली येते, शिंतोडे फार, आणि तार महाग. उघड्यावर वाऱ्यात गेट जोडायचं असेल तर तिचा खरा उपयोग. तुला शेडमध्ये रॅक करायचंय. दोन्ही चालणारं मशीन घे आणि गॅसवर शिक.

टॉर्च मशीनला कायमचा जोडलेला नको, युरो कनेक्टरचा हवा. टॉर्च हा झिजणाराच भाग आहे. युरो असला की तो पिळून काढता येतो आणि कुठल्याही कंपनीचा बसतो. ‘१५ एके’ जातीचा टॉर्च माग. त्याच्या टिपा (तार बाहेर येते ती टोकं), नोझल, लायनर (तार जाते ती आतली नळी) प्रत्येक वेल्डिंगच्या दुकानात मिळतात. ०.८च्या दहा टिपा त्याच दिवशी घेऊन ठेव, सुरुवातीला दोन-चार जळणारच. ‘थ्री इन वन’मधला टिग (वेल्डिंगचा आणखी एक प्रकार) फुकट मिळत असेल तर असू दे, त्यासाठी जास्त मोजू नकोस. ॲल्युमिनियमचा विचार सध्या डोक्यातून काढ. त्याला शुद्ध आर्गॉन, टेफ्लॉनचा लायनर आणि शक्यतो वेगळी स्पूल गन (रीळ बसवलेला टॉर्च) लागते.

आता गॅस. कारखान्यात मिगला सरसकट ‘सीओटू’ म्हणतात ते उगाच नाही, आपल्याकडे बहुतेक काम शुद्ध कार्बन डायऑक्साइडवर चालतं. तो सगळ्यात स्वस्त आणि धातूत खोल शिरतो. तोटा एवढाच की शिंतोडे जास्त. ८०% आर्गॉन आणि २०% सीओटूचं मिश्रण पातळ पत्र्याला जास्त सोयीचं, पण त्याचा सिलिंडर महाग. तू सीओटूने सुरुवात कर. तुझ्याकडे नाशिकला, सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या भागात, गॅस भरून देणारे आहेत. मोठा सिलिंडर ३० किलोचा असतो, तो तुला एकटीला हलवणार नाही. लहान, ५ किलोच्या आसपासचा बघ. मिनिटाला १० लिटरने १ किलो गॅस ५०-५५ मिनिटं पुरतो. ही आर्क प्रत्यक्ष चालू असतानाची मिनिटं आहेत, म्हणजे ५ किलोत छंदाचे कित्येक रविवार निघतात. सिलिंडर घेताना त्याच्या खांद्यावर कोरलेली टेस्टची तारीख वाच. जुना अग्निशामकाचा सिलिंडर कुणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नकोस. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते, त्यातून गॅस नाही तर द्रव बाहेर येतो आणि रेग्युलेटर गोठतो. सीओटूत आत द्रव असल्यामुळे दाबाचा काटा शेवटपर्यंत जागचा हलत नाही, आणि मग एकदम पडतो. किती गॅस उरला ते वजन करूनच कळतं. रेग्युलेटर हीटरवाला घे, पण मशीनच्या मागचं हीटरचं सॉकेट ३६ व्होल्टचं आहे की २३०चं, ते जुळवूनच. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीने बांधलेला. काम संपलं की मुख्य व्हॉल्व्ह बंद. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, बंद शेडमध्ये खाली साचतो.

तार ‘ईआर ७० एस-६’, ०.८ मिमी, तांब्याचा मुलामा असलेली. ५ किलोच्या रिळात सव्वा किलोमीटरच्या वर तार असते. पावसाळ्यात रीळ मशीनमध्ये सोडू नकोस, काढून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेव. गंजलेली तार लायनरमध्ये घासते आणि आतून लायनर बुजवते.

तुझ्या ३० हजारांतले १८ ते २० हजारच मशीनला दे. बाकीचे हेल्मेट, रेग्युलेटर, सिलिंडरची अनामत, तार, चार इंची ग्राइंडर आणि क्लॅम्प यांत जातात. सगळे पैसे मशीनला घातलेस, तर महिनाभर ते नुसतं झाकून ठेवावं लागेल. हेल्मेट आपोआप काळं होणारं घे, काचेचा गडदपणा (त्याला शेड नंबर म्हणतात) ९ ते १३ बदलता येणारं. ७० ते ११० अँपिअरला १० किंवा ११ ठेव. अंगावर जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात चामड्याचे बूट. सिंथेटिक ओढणी, नायलॉनचा ट्रॅक सूट काही नको. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं.

दुकानात मशीन चालवून दाखवायला सांग. चालवून न दाखवणाऱ्याकडून घेऊ नकोस. आपला १.६चा पाईपचा तुकडा बरोबर ने. ७० अँपिअर, साधारण साडेसतरा व्होल्ट, सीओटूवर एखादा व्होल्ट वर. तार टिपेबाहेर १० मिमी. आर्क बरोबर लागली की भजी तळताना तेलाचा जसा एकसारखा चर्र आवाज येतो तसा येतो. ‘ठक-ठक’ करून टॉर्च हाताला मागे ढकलला जात असेल, तर तारेचा वेग जास्त किंवा व्होल्ट कमी. तार वितळून टिपेलाच चिकटत असेल तर नेमकं उलट. मग रोलरचा दाब बघ : हातमोज्याच्या चिमटीत तार धरली की रोलरने घसरायला हवं. दाब इतका घट्ट नको की अडलेली तार आत गुंता करील, आणि इतका सैलही नको की टॉर्च वाकवला की तार थांबेल.

घरी सांध्यात बारीक भोकं दिसू लागली, जाळीदार बटाट्याच्या वेफरसारखी, तर मशीनला दोष देण्याआधी छताचा पंखा बंद कर. बहुतेक वेळा तोच गॅस उडवत असतो. मग नोझलमध्ये साचलेले शिंतोडे खरवड, गॅसच्या नळीच्या जोडांना साबणाचं पाणी लाव. तेवढ्यानेही नाही गेलं तर पाईपवरचा रंग, तेल, गंज. ग्राइंडरने सांध्याच्या दोन्ही बाजूंना २ सेंमी चकचकीत करायचं, आणि मशीनचा अर्थिंगचा क्लॅम्पही (कामाच्या लोखंडाला लावायचा चिमटा) अशाच साफ जागी लावायचा. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाईपचं जस्त तर पूर्ण घासून काढ. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि तेल पुसायला ब्रेक क्लीनर कधीही वापरू नकोस. क्लोरीनयुक्त द्रावक आर्कच्या प्रकाशात आला की फॉस्जीन तयार होतो, तो विषारी वायू आहे. पेट्रोल-डिझेलही नको. साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं.

पातळ पाईपला सलग वेल्ड ओढू नकोस. आधी चारही कोपऱ्यांना टॅक (ठिपक्याएवढा वेल्ड) मार, गुण्याने काटकोन बघ, मग समोरासमोरच्या बाजू आलटून-पालटून दोन-दोन सेंटिमीटर. एका बाजूने सलग गेलीस तर फ्रेम त्या बाजूला खेचली जाते आणि मग टेबल डुलतं.

शनिवारी इलेक्ट्रिशियन येऊन गेला की एमसीबीचा आणि मीटरच्या बोर्डाचा फोटो पाठव. २०० वाल्याचं झाकण उघडून फीडरचाही एक फोटो काढ, रोलरवरचा आकडा दिसेल असा जवळून. ते बघून हो म्हणेन, मगच पैसे दे.

तुझे,
बाबा