काळा पडदा दिसला म्हणून फॉरमॅट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उबंटू या लिनक्सवर आधारित संगणक-प्रणालीच्या २०.०४ या आवृत्तीचा नियमित सुरक्षा-आधार ३१ मे २०२५ रोजी संपला. शाळा, वाचनालये, पतसंस्थांमधले जे संगणक अजून त्यावर चालतात, ते अपग्रेड करायलाच हवेत. मात्र अपग्रेडनंतर पडदा काळा राहिला की संगणक सरळ फॉरमॅट करण्याची पद्धत थांबली पाहिजे. अशा वेळी डिस्कवरच्या फायली बहुतेकदा शाबूत असतात, अडलेला असतो तो ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र आणणाऱ्या कार्डाला चालवणारे सॉफ्टवेअर.

एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांच्या ड्रायव्हरचे मॉड्यूल प्रत्येक कर्नलसाठी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या प्रत्येक आवृत्तीसाठी, वेगळे लागते. नव्या कर्नलसाठी ते तयार झाले नाही, तर लॉगिनचा पडदा येतच नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबावे, अक्षरी लॉगिन मिळते. तेही न आल्यास संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रब या मेनूच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून रिकव्हरी मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या मर्यादित अवस्थेत) जावे. तिथे आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ आणि शेवटी ‘सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ चालवावे. सिक्युअर बूट (सही नसलेले सॉफ्टवेअर सुरुवातीलाच रोखणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते. संगणक पुढच्या वेळी सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणे) निवडून तोच द्यायचा असतो. हा पडदा थोडाच वेळ थांबतो. तो निसटला की ड्रायव्हर बसूनही चालत नाही आणि ग्राफिक्स कार्डच गेले असा समज होतो.

बाकीच्या अडचणी आधीच टाळता येतात. २०.०४ वरून थेट २४.०४ वर उडी मारता येत नाही, मध्ये २२.०४ घ्यावे लागते. डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक कुलूपबंद) केलेली असेल तर संगणक सुरू करणाऱ्या फायलींचे (बूटचे) वेगळे, छोटे पार्टिशन जुन्या कर्नलनी भरलेले असते. ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ने ते आधी रिकामे करावे. पीपीए, म्हणजे उबंटूबाहेरच्यांनी चालवलेली सॉफ्टवेअर-भांडारे, अपग्रेडर बंद करतो, पण त्यांतून आलेली पॅकेजेस तशीच राहतात आणि नव्या लायब्ररींशी भांडतात. ती ‘पीपीए-पर्ज’ने काढून टाकलेली बरी. उबंटूचा डेस्कटॉप असलेल्या ग्नोमच्या ४५ व्या आवृत्तीत एक्स्टेन्शनची (जोड-सुविधांची) रचनाच बदलली, त्यामुळे २२.०४ च्या ग्नोम ४२ वर चालणारी जुनी एक्स्टेन्शन २४.०४ च्या ४६ वर चालत नाहीत. फायरफॉक्स २२.०४ पासून स्नॅप या वेगळ्या पॅकेज-स्वरूपात येतो. बुकमार्क दिसले नाहीत तर होममधला (वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधला) लपलेला ‘.मोझिला’ फोल्डर पाहावा, जुने प्रोफाइल तिथेच असते. अॅपइमेज (एकाच फायलीत येणारे सॉफ्टवेअर) उघडत नसेल तर २४.०४ वर ‘लिबफ्यूज२टी६४’ हे पॅकेज लागते.

नवी एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती) आली म्हणून एप्रिलमध्येच घाई करू नये. जुन्या एलटीएसवरून जाण्याचा मार्ग पहिल्या सुधारित आवृत्तीनंतर खुला होतो. २४.०४.१ ही आवृत्ती २९ ऑगस्ट २०२४ ला आली, आणि त्यानंतरही अपग्रेडरमधल्या दोषामुळे तो मार्ग काही काळ बंद ठेवावा लागला होता.

फॉरमॅटचा सर्वांत मोठा फटका मराठी कामाला बसतो. युनिकोड या आजच्या सार्वत्रिक अक्षर-प्रमाणाच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले ठराव, इतिवृत्ते, सभासद-याद्या त्या-त्या फॉन्टशिवाय निव्वळ इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतात. हे फॉन्ट बहुधा होममधल्या ‘.फॉन्ट्स’ या लपलेल्या फोल्डरमध्ये टाकलेले असतात. घाईने बॅकअप घेणारा ‘डॉक्युमेंट्स’ उचलतो, हा फोल्डर त्याला दिसतही नाही. मराठी टायपिंगचे पर्याय गायब झाले असतील तर ‘आयबस-एम१७एन’ पॅकेज पुन्हा टाकावे, त्यासाठी अख्खी यंत्रणा पुसायची गरज नसते.

म्हणून संस्थांनी देखभालीच्या वार्षिक करारात दोन अटी लिहून घ्याव्यात. फॉरमॅट करण्याआधी लाइव्ह यूएसबीवरून (जिच्यावरूनच उबंटू सुरू करता येते अशा पेनड्राइव्हवरून) लपलेल्या फोल्डरांसह संपूर्ण होमची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि ‘/व्हार/लॉग/डिस्ट-अपग्रेड’मधल्या नोंदी पाहून अपग्रेड नेमके कुठे अडले ते लेखी द्यावे.

आपला,
एक वाचक