कन्येलाही नाव असतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नव्या पुस्तकांच्या चौकटीत माझ्या पुस्तकाची दोन ओळींची नोंद छापलीत, त्याबद्दल आधी आभार. पदरचे पैसे घालून तीनशे प्रती काढणाऱ्या निवृत्त कलाशिक्षिकेला एवढीही जागा सहसा कोणी देत नाही. नोंद अशी होती : 'थोर चित्रकार रावबहादूर म. वि. धुरंधर यांच्या कन्येचे चरित्र. पाने १९२, किंमत ३५० रुपये.' वडिलांचं नाव पदवीसकट आलं, पानं आली, किंमत आली. जिचं चरित्र, तिचं नाव तेवढं राहिलं. अंबिका. तीन अक्षरं.

वाचून मी आधी हसले. मग कपाटातून पुस्तक काढून मुखपृष्ठ पाहिलं आणि गप्प बसले. वर ठळक अक्षरात 'चित्रकार धुरंधरांच्या कन्येची जीवनकथा' असं छापलेलं आहे. ते मीच घातलंय. तुमच्या उपसंपादकानं समोर दिसलं ते उचललं. तेव्हा या तक्रारीत पहिली आरोपी मी.

तसं का घातलं, तेही सांगते. हस्तलिखित घेऊन तीन-चार ठिकाणी फिरले. एका प्रकाशकांनी चहा पाजला, पानं चाळली आणि म्हणाले, "बाई, लिहिलंय छान. पण या कोण? वडिलांवर लिहा, उद्या काढतो." शेवटी स्वतःच छापायचं ठरवलं तर वितरक म्हणाला, "धुरंधर हे नाव वर मोठं येऊ द्या, खाली काय घालायचं ते घाला." डीटीपी करणाऱ्या मुलानं त्याचं इतकं मनावर घेतलं, की 'धुरंधर' हाताच्या पंजाएवढं झालं आणि 'कन्या' मुंगीएवढी. मी ते प्रूफ पाहिलं आणि सही केली. पुस्तक खपायला हवं होतं ना.

आता त्या कोण, ते थोडक्यात. म. वि. धुरंधर मूळचे कोल्हापूरचे. १८९० साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आले, तिथेच शिक्षक झाले, संचालकाच्या खुर्चीत बसलेले पहिले भारतीय ठरले आणि एक्केचाळीस वर्षांनी, १९३१ साली निवृत्त झाले. त्याच १९३१ साली त्यांची मुलगी त्याच संस्थेतून पदविका घेऊन बाहेर पडली. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेणाऱ्या मुली तेव्हा तिथे अगदी मोजक्या होत्या. अंबिकाबाईंचा जन्म १९१२चा आणि मृत्यू २००९चा. वडील गेले १९४४ साली. म्हणजे त्यांच्या माघारी त्या जवळजवळ ६५ वर्षं जगल्या. या ६५ वर्षांविषयी कोणालाही विचारा, एकच उत्तर येतं : वडिलांची चित्रं जपली. जपली हे खरंच, आणि आपल्यावर त्याचे उपकार आहेत. २०१८ साली मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. मी तिथे दोनदा गेले. लोक जुनी पोस्टकार्डं आणि पौराणिक चित्रं बघून हरखत होते. मी मात्र प्रत्येक जिन्यावर थांबून मनात म्हणत होते, अहो, या बाईंनी स्वतःही ब्रश धरला होता.

बापलेकींनी, दोघांनीही आठवणी लिहून ठेवल्यात. वडिलांचं 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' १९४० साली आलं. अंबिकाबाईंचं 'माझी स्मरणचित्रे' आलं ते त्या गेल्यानंतर. वडिलांचं पुस्तक अभ्यासक वडिलांसाठी वाचतात. मुलीचं पुस्तकही वडिलांसाठीच वाचतात. दुसऱ्यांना कशाला बोल लावू? मीसुद्धा ते पहिल्यांदा हातात घेतलं ते धुरंधरांविषयी काही गमतीचं मिळतंय का, म्हणूनच. निम्म्यावर आल्यावर लाज वाटली. समोर एक बाई स्वतःबद्दल बोलत होती आणि मी तिच्या खांद्यावरून मागे बघत होते. माझं पुस्तक त्या लाजेतून सुरू झालं.

अशीच दुसरी जोडी अँजेला त्रिंदाद यांची. वडील गोव्याचे, तेही जे.जे.मध्ये शिकवायला, आणि मुलगी तिथेच शिकलेली. अँजेलांनी साडी नेसलेली मेरी रंगवली, पुढे त्रिकोणांतून चित्र बांधण्याची स्वतःची रीत काढली आणि १९८० साली थेट ब्राझीलमध्ये देह ठेवला. केवढं आयुष्य! पणजीला फोंताइन्यश भागात फुंदासाव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेच्या वास्तूत बापलेकीची चित्रं एकत्र बघायला मिळतात. कोणी पणजीला गेलं तर मांडवीत बोटीवर नाचून झाल्यावर अर्धा तास तिकडेही काढावा.

पुस्तक लिहिण्यापेक्षा ते लोकांपर्यंत नेणं जड गेलं. एका ग्रंथप्रदर्शनात तीन दिवस टेबल लावून बसले होते. एक गृहस्थ आले, मोठ्या 'धुरंधर'वर बोट ठेवून म्हणाले, "शिवाजी महाराजांची चित्रं काढणारे ना?" मी हो म्हटलं. त्यांनी पानं उलटली, बाईचा फोटो पाहिला, पुस्तक अगदी अलगद, झोपलेलं मूल ठेवावं तसं खाली ठेवलं आणि विचारलं, "वडिलांवर काही नाही का?" असे त्या तीन दिवसांत सातजण. म्हणजे मोठं नाव वर घातल्यानं माणूस टेबलापर्यंत येतो, पण येतो तो वडिलांना भेटायला. वितरकाच्या हिशेबात ही गोष्ट धरलेली नव्हती.

एका वाचनालयाला प्रत भेट दिली. महिन्यानं बघायला गेले तर संगणकावर 'अंबिका' घातल्यावर एका देवीचं स्तोत्र निघालं. पुस्तक सापडलं ते 'धुरंधर, म. वि.' या नोंदीखाली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "ताई, लोक त्याच नावानं शोधतात हो." लोक दुसऱ्या नावानं शोधणार कसे, ते नाव यादीत आल्याशिवाय? बाई समंजस होत्या. माझ्यासमोर त्यांनी नोंद बदलली.

शाळांतही जाते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्यांत मुलीच जास्त असतात, हा माझा वर्गातला अनुभव. त्यांना पाच चित्रकारांची नावं विचारली की रविवर्मा, हुसेन, पिकासो, व्हॅन गॉग असा क्रम लागतो. परवा नववीतल्या एका मुलीनं फ्रिडा काहलोचं नाव घेतलं. कुठे पाहिलंस म्हटलं तर म्हणाली, मावशीच्या झोळीवर. चला, झोळीवर तर झोळीवर. मी त्यांना सांगितलं, याच फ्रिडाबाईंविषयी १९३३ साली डेट्रॉइटच्या एका वर्तमानपत्रानं मजकूर छापला, तेव्हा मथळ्यात त्या 'थोर भित्तिचित्रकाराची पत्नी' होत्या, हौसेनं रंगांशी खेळणारी. आज तो थोर भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेरा त्या वर्गात एकालाही ठाऊक नव्हता. संपादक महाशय, हा टोमणा तुम्हाला आहे असं कृपया समजू नका. थोडासा आहे.

आता माझ्या बाजूची दुरुस्ती मी सुरू केलीय. ११२ प्रती गेल्या, १८८ माझ्या पलंगाखाली आहेत. शेजारची अकरावीतली मुलगी आणि मी रोज संध्याकाळी बसून उपशीर्षकावर पांढरी पट्टी चिकटवतो. तिच्यावर छापलंय : 'अंबिका धुरंधर, चित्रकार'. काही पट्ट्या तिरक्या बसल्यात, पण मी पुन्हा काढून लावणार नाही. तुमच्या बाजूची दुरुस्ती, जमल्यास, येत्या रविवारी त्याच चौकटीत, त्याच टायपात करावी. नुसतं नाव छापलंत तरी पुरे.

वाचकांकडेही एक मागणं आहे. जुन्या घरांत जिन्यावर, वाड्याच्या सोप्यात, बंद पडलेल्या संस्थेच्या कार्यालयात पणजोबांचं नाहीतर पणजीचं तैलचित्र लटकत असतं. ते एकदा उतरवून बघा. जपून, दोघांनी धरून. जुनी दोरी हातात येते. चित्र ओल्या फडक्यानं पुसू नका, आणि कोणी सांगितलं म्हणून कापलेला बटाटा तर मुळीच चोळू नका. मागचा खाकी कागद फाडू नका. फ्रेमवाल्याची चिठ्ठी, प्रदर्शनाचा क्रमांक, कधी पेन्सिलीनं लिहिलेलं नाव त्याच कागदावर असतं. त्या काळच्या बायकांच्या बाबतीत हा कागद फार मोलाचा, कारण माहेरचं आडनाव एका प्रदर्शनाच्या यादीत, सासरचं दुसऱ्या, आणि मध्ये धागा तुटलेला. मग खालचे दोन्ही कोपरे बघा. सही बऱ्याचदा फ्रेमच्या पट्टीखाली अर्धी दडलेली असते. खिडकीपाशी नेऊन तिरक्या उजेडात मोबाइलवर फोटो काढा आणि या वर्तमानपत्राच्या पत्त्यावर माझ्यासाठी पाठवा. मी स्वतः येऊन नेईन.

आणि सहीत 'धुरंधर' दिसलं, तर लगेच वडिलांचं म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्या आधीचं अक्षर कोणतं आहे, तेवढं बघा.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका, ठाणे