हरवलेला 49 हर्ट्झ

पुणे, रविवार दुपार

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि. (हसू नकोस, शाळेत असंच शिकवलंय.)

परवा फोनवर तू म्हणालास, "एक सबवूफर असताना दुसरा आणलास? सोसायटीवाले हाकलतील तुला." म्हटलं, याला सविस्तरच लिहावं. कारण दुसरा आल्यापासून आमच्याकडे आवाज कमी झालाय.

पहिला सब (सबवूफर, म्हणजे फक्त बेस, खालचे जाड सूर वाजवणारा स्पीकर) टीव्हीच्या डावीकडे कोपऱ्यात होता. भिंतीलगत दिवाणावर बसलेल्या आईच्या छातीत धडधडायचं, आणि मी सोफ्यावर मधोमध बसलो की बेस मिळमिळीत. मी आवाज वाढवणार, ती ओरडणार. महिनाभर हेच. शेवटी मोबाइलवरून एकेक सूर वाजवत बसलो. 40 हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला 40 कंपनं) ठीक, 45ला उतरला, 49ला सोफ्यावर जवळजवळ काहीच नाही. उठून भिंतीशी गेलो तर तोच सूर दणकून! बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पट्टीत हाच सूर लागतो. म्हणजे गाण्यात तो आला की माझ्यापुरता वादक गप्प.

गणित आपल्या सातवीतलं आहे. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. आमच्या हॉलची रुंदी साडेतीन मीटर, तिची दुप्पट सात. भाग दे, आले 49. या सुराची लाट दोन भिंतींमध्ये उभी राहते, भिंतींशी फुगते आणि मधोमध शून्य. मी बरोब्बर त्या शून्यात पाय पसरून बसत होतो.

दुसरा सब आणला आणि आधी पहिल्याला खेटूनच ठेवला. दणका वाढला, पण मधोमधचं शून्य तिथेच. मग वाचत बसलो. हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी 2002मध्ये हेच तपासलं होतं: चौकोनी खोलीत किती सब, आणि कुठे? समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तरी बराच फरक पडतो. कारण त्या लाटेत एका भिंतीशी दाब चढतो तेव्हा समोर उतरतो. दोन्ही सब एकदम ढकलायला लागले की एकाच झोक्याला दोघांनी दोन्हीकडून रेटल्यासारखं होतं, झोका हलतच नाही.

पण उजव्या भिंतीच्या मध्यावर आमचं बाल्कनीचं दार! मग एक सब सोफ्यावर माझ्या जागी चढवला, गाणं लावलं आणि भिंतीच्या कडेने रांगत निघालो. जिथे बेस एकसारखा लागेल तिथे सब ठेवायचा, अशी ही पद्धत. तेवढ्यात आई आली. "काय हरवलं रे?"

"49 हर्ट्झ."

तिने चष्मा पुसून सोफ्याखाली बघितलं.

दारापासून दीड फूट अलीकडे जागा ठरली. डावीकडचाही कोपऱ्यातून काढून त्याच्या समोर आणला. सब वायरलेस, मोबाइलच्या ॲपवरून जोडायचे, पण पुढे ॲपला दुसरा सब सापडेना. राउटरजवळ नेऊन जोडला, मग जागेवर. खोलीप्रमाणे आवाज जुळवून घ्यायचं ट्यूनिंग पुन्हा केलं. सब हलवला की ते करावंच लागतं. फेजही बघून घे (दोन्ही सब एकाच वेळी ढकलतात ना, ते), एकाची उलटी राहिली तर मधला बेस पार पुसला जातो. मग दोन्हींची पातळी उतरवली. आता दिवाणावर आणि सोफ्यावर जवळपास सारखंच ऐकू येतं. शोकेसची काच अजून एका सुराला किणकिणते, तिथे लग्नपत्रिकेची घडी खोचली आहे.

आणि वायरलेस म्हणतात खरं, पण प्लग दोघांनाही लागतोच! माझी एक्स्टेंशन दाराच्या उंबऱ्यावरून गेली आहे, रोज कोणीतरी अडखळतं. तुझ्या नव्या फ्लॅटचा रंग अजून व्हायचाय ना? इलेक्ट्रिशियनला आत्ताच सांग, दोन्ही बाजूच्या भिंतींना मध्यावर एकेक पॉइंट. आणि हॉलची लांबी-रुंदी मोजून कळव, तुझा कुठला सूर हरवणार ते बघून ठेवतो.

काकूंना नमस्कार.

तुझाच