पेशी पिकते ती कुठे?

ती. बाबांना सा. नमस्कार,

अ जीवनसत्त्वापासून बनणारं औषध रक्ताच्या कर्करोगावर चालतं, मग ते सगळ्यांनाच का देत नाहीत, असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. माझं सगळं काम सध्या याच प्रश्नाभोवती चाललंय.

तीव्र ल्युकेमियाच्या, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशी नुसत्या वाढत नाहीत, त्या वयातच येत नाहीत. कोवळ्या अवस्थेत अडकतात आणि तशाच दुणावत राहतात. १९८०च्या दशकात शांघायमध्ये वांग झेन-यी यांनी एपीएल (अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया) या प्रकारच्या रुग्णांना रेटिनोइक आम्ल, म्हणजे तुम्ही म्हणता तेच औषध, दिलं. पेशी मारायच्या नाहीत, पिकवायच्या! आज त्याच्या जोडीला आर्सेनिक देतात आणि बहुतेक रुग्ण बरे होतात.

आमच्याकडे प्रयोगशाळेत वाढवलेल्या एचएल-६० या ल्युकेमियाच्या पेशींवर हे डोळ्यांनी दिसतं. आम्ल घातल्यावर काही दिवसांत गोल केंद्रकाला खाचा पडतात. मग एनबीटी हे रंगद्रव्य घातलं, की पिकलेल्या पेशींत गडद निळे कण भरतात, कच्च्या कोऱ्याच राहतात. मला हे पाहताना दरवेळी भरून येतं.

पण अस्थिमज्जेत पेशी एकटी नसते. तिथल्या आधार देणाऱ्या स्ट्रोमा पेशी सीएक्ससीएल१२ हा रेणू सोडून तिला जवळ ओढतात, व्हीकॅम-१ या चिकटवणाऱ्या रेणूने धरून ठेवतात. शिवाय त्यांच्याकडे सीवायपी२६ ही एन्झाइमं असतात, ती रेटिनोइक आम्लच मोडून टाकतात. रक्तात औषध भरपूर असलं तरी मज्जेतल्या पेशीपर्यंत ते पुरेसं पोचत नाही. एपीएल सोडून इतर प्रकारांत हे औषध फिकं पडतं, त्याचं हे एकच कारण नाही, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

यात स्ट्रोमाला दोष देऊ नका हं. याच एन्झाइमांमुळे निरोगी मूळ पेशी अकाली पिकून संपत नाहीत. त्यामुळे ती सरसकट बंद करणं मला धोक्याचं वाटतं; त्यांना मोडता येणार नाही असं रेटिनॉइड, म्हणजे रेटिनोइक आम्लासारखं औषध, शोधणं जास्त बरं.

आणि मज्जेतले सगळेच धागे पेशीला कोवळं ठेवत नाहीत. मज्जेतलं हायलुरोनिक आम्ल पेशीवरच्या सीडी४४ या रेणूला चिकटतं. १९९९मध्ये संशोधकांनी त्याच सीडी४४ला प्रतिपिंडाने डिवचलं, तर एएमएल (अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया) या प्रकारच्या अडकलेल्या पेशी पिकायला लागल्या. म्हणून आम्ही आता औषध नुसत्या पेशींवर तपासत नाही, खाली स्ट्रोमाचा थर वाढवून त्यावर तपासतो.

आईलाही वाचून दाखवा. तिचे प्रश्न लिहून ठेवा, रविवारी बोलू.

तुमची लेक